सप्ताह तोंडावर आला आणि शेवटच्या नळाला क्लोरीनच नाही

पत्र (थोडक्यात) : "आमचं गाव दोनशे उंबऱ्यांचं. मी ग्रामपंचायतीवर पहिल्यांदाच निवडून आले आहे. विहिरीचं पाणी रात्री 50 हजार लिटरच्या उंच टाकीत चढवतात आणि सकाळी दोन तास गावाला सोडतात. पाऊस सुरू झाल्यापासून खालच्या आळीत जुलाबाचे पेशंट निघताहेत. मागच्या आठवड्यात एकाच घरातली तीन मुलं दवाखान्यात न्यावी लागली. आरोग्यसेविकाताईंनी आमच्या आळीच्या शेवटच्या नळाला ओटी टेस्ट (क्लोरीन असला की पाणी पिवळं करणारी थेंबांची चाचणी) केली, तर रंगच आला नाही. जलसुरक्षक, म्हणजे पाणी सोडणारा माणूस, म्हणतो, मी रोज दोन ओंजळी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) न चुकता टाकतो. वरच्या आळीतले म्हणतात, पाण्याला एवढा वास येतो की चहा पिववत नाही, ती पावडर बंद करा. तीन आठवड्यांवर श्रावणातला हरिनाम सप्ताह आहे. काल्याला चार-पाच हजार माणूस जेवतं. सरपंच म्हणतात, सप्ताहाआधी हा विषय काढून गावाची बदनामी करू नका. मी नक्की काय करू?"

ताई,

वर वास आणि खाली शून्य, या दोन तक्रारी तुम्ही एकाच पत्रात लिहिल्यात हे फार बरं झालं. गावात या तक्रारी एकमेकींच्या विरोधात मांडल्या जातात, पण दुखणं एकच आहे. पावडर टाकीत नीट मिसळत नाही, त्यामुळे पहिल्या नळांना तिचा मारा होतो, आणि जो क्लोरीन पुढे निघतो तो खालच्या आळीपर्यंत पोचायच्या आत कशावर तरी खर्च होतो. हे "कशावर तरी" म्हणजे बहुतेक वेळा गटाराचं पाणी. टाकीत किती पावडर टाकली यावरून पाणी सुरक्षित ठरत नाही. शेवटच्या नळाला किती क्लोरीन उरला, यावर ते ठरतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस 10500 सांगतं की लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन, म्हणजे घाणीवर खर्च न झालेला क्लोरीन, उरला पाहिजे. विषाणूंपासून, म्हणजे काविळीसारख्या आजारापासून, बचाव करायचा असेल तेव्हा 0.5 हवा.

आधी आजचं काम. खालच्या आळीला आजपासून पाणी उकळूनच प्यायला सांगा. नुसतं कोमट करून उपयोग नाही, रटरटून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवायचं आणि त्याच भांड्यात झाकून गार होऊ द्यायचं. जुलाबाच्या प्रत्येक पेशंटची नोंद उपकेंद्रात झालीच पाहिजे. एका घरात तीन मुलं म्हणजे साथीची सुरुवात असू शकते आणि ती कळवायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात एकदम घोळायची. अर्धी पुडी अर्ध्या लिटरमध्ये असा हिशेब घरी करू नका, पुडीतलं मीठ-साखर सारखं वाटलं जात नाही. लहान मुलांना झिंकच्या गोळ्या 14 दिवस द्यायच्या असतात, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरीसुद्धा. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल सुस्त पडलं किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरी वाट बघू नका, 108 ला फोन करा.

आता क्लोरीन कुठे संपतो ते शोधू. यासाठी खोदकाम नको, एक ओटी किट आणि एक सकाळ पुरते. किट आरोग्यसेविकाताईंकडे आहे, ग्रामपंचायतीचंही असायला हवं. पाणी सुटायच्या आधी टाकीतल्या पाण्याची टेस्ट करा. मग पाणी सुटल्यावर पहिल्या व्हॉल्व्हजवळच्या नळाला, गावाच्या मधल्या नळाला, खालच्या आळीच्या तोंडाला आणि अगदी शेवटच्या नळाला. प्रत्येक ठिकाणी दोनदा : पाणी आल्या आल्या, आणि वीस मिनिटांनी. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, बाटलीवर लिहिलेत तेवढेच थेंब टाका, नळीमागे पांढरा कागद धरा आणि रंग लगेच, दहा सेकंदांच्या आत, पट्टीशी ताडून पाहा. उशिरा गडद होणारा पिवळा रंग नुसत्या मुक्त क्लोरीनचा नसतो, घाणीशी बांधल्या गेलेल्या क्लोरीनचाही असतो. पाच मिनिटांनी बघून "आला की रंग" म्हणणारी माणसं इथेच फसतात. ओटीचं द्रावण विषारी आहे. ते हाताला लावू नका, तपासलेलं पाणी हंड्यात परत ओतू नका, बाटलीची मुदत बघा. डीपीडीच्या गोळ्यांचं किट मिळालं तर ते जास्त चांगलं. त्यात रंग गुलाबी येतो.

आकडे वहीत मांडलेत की गावाचा नकाशा बोलायला लागतो. टाकीतच 0.5 च्या खाली असेल, तर डोस कमी आहे, पावडर मेलेली आहे किंवा टाकीत गाळ आहे. टाकीत चांगला रंग आणि मधल्या नळापर्यंत थोडा थोडा उतरत गेला, तर ते साहजिक आहे. पण दोन नळांच्या मध्ये 0.4 वरून एकदम शून्य झालं, तर गळती त्या दोन नळांच्या मधल्या टप्प्यात आहे, तिथेच खोदा. आणि पहिल्या पाण्याला शून्य, वीस मिनिटांनी मात्र पिवळा, असं दिसलं तर पाणी बंद असताना पाइपात बाहेरचं पाणी शिरतंय, हे नक्की धरा.

हा शेवटचा प्रकार आपल्या गावांमध्ये बराच आढळतो. पाणी सुटलेलं असताना पाइपात दाब असतो, फटीतून पाणी बाहेर जातं. व्हॉल्व्ह बंद केला की खालच्या भागातलं पाणी नळांवाटे निघून जातं, पाइपात पोकळी होते आणि त्याच फटीतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. दोन तास पाणी आणि बावीस तास पोकळी. फट गटारात असेल तर गटार आत येतं. त्यात कुणी नळाला थेट टिल्लू मोटर लावली असेल, तर शेजारच्या सगळ्या फटी ती आणखी जोरात ओढते. खालच्या आळीत कुणाकडे मोटर आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. तुम्हाला बोलावं लागेल, पण वहीतला आकडा हातात घेऊन बोला, माणसावर बोट ठेवून नको.

फटी कुठे शोधायच्या? घरात जाणारा अर्धा इंची लोखंडी पाइप जिथे गटार ओलांडतो तिथे आधी. गटाराच्या पाण्यात तो गंजून चाळणी झालेला असतो. जिथे सायकलची ट्यूब गुंडाळून वर तार आवळली आहे, ती प्रत्येक जागा गळती म्हणूनच धरा. आतल्या दाबाला ट्यूब जरा तरी थोपवते, बाहेरून येणाऱ्या ओढीला नाही. मग व्हॉल्व्हचे खड्डे. झाकण नाही, खड्डा गुडघाभर पावसाच्या पाण्यानं भरलेला, आणि ग्लँडमधून, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या सांध्यातून, थेंब थेंब चालू, हे दृश्य तुमच्याही गावात असणार. पाणी बंद झालं की खड्ड्यातलं तेच पाणी ग्लँडवाटे आत जातं. आणि दाब कमी म्हणून लोकांनी अंगणात खड्डा खणून खाली उतरवलेले नळ. तोटी नाही, नळाचं तोंड खड्ड्यातल्या पाण्यात बुडालेलं. एक असा नळ अख्ख्या आळीचं पाणी बिघडवू शकतो.

दुरुस्ती फार खर्चाची नाही. गटार ओलांडणारा तुकडा काढून तिथे सांधा नसलेला अखंड एचडीपीई (न गंजणारा प्लास्टिकचा) पाइप टाका, तो गटाराच्या वरून न्या आणि संरक्षणासाठी जाड मोठ्या पाइपातून ओवून घ्या. पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन एकमेकींपासून तीन मीटर दूर असावी असा नियम आहे. आठ फुटी गल्लीत ते जमत नाही, म्हणून निदान पाण्याची लाइन वर आणि सांडपाणी खाली, एवढं तरी पाळा. व्हॉल्व्हच्या खड्ड्याची भिंत जमिनीपासून अर्धा फूट वर उचला, तळाला खडी टाका, वर झाकण. खड्ड्यातले नळ वर घ्या, तोट्या बसवा. काम झालं की लाइन स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या. मग एक दिवस टाकीत दुप्पट डोस घालून ते पाणी लाइनमध्ये तासभर कोंडून ठेवा आणि नंतर सोडून द्या. त्या दिवशी ते पाणी पिऊ नये असं आदल्या संध्याकाळी मंदिराच्या स्पीकरवरून सांगा.

डोसचा हिशेब आता नीट मांडते, कारण "दोन ओंजळी" हे माप कुणालाच सांभाळता येत नाही. ताज्या टीसीएलमध्ये सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो आणि त्या ताकदीच्या पावडरीचा आपल्याकडचा नेहमीचा डोस आहे हजार लिटरला 5 ग्रॅम. तुमच्या 50 हजार लिटरला 250 ग्रॅम. पण पोतं उघडून ठेवलं की क्लोरीन रोज उडून जातो. पावडर 25 टक्क्यांवर आली असेल तर त्याच टाकीला 330 ग्रॅम लागेल. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरूच नये, ती नुसता चुना असते. तुमच्या जलसुरक्षकाच्या दोन ओंजळी प्रामाणिक असतील, पण पोतं मागच्या उन्हाळ्यातलं असेल तर त्याच्या कष्टाला काही अर्थ उरत नाही. म्हणून पहिली गोष्ट : पावडरीचा नमुना आरोग्यसेवकांमार्फत प्रयोगशाळेत पाठवा आणि आलेला टक्का ड्रमवर लिहा. घेताना आयएसआय खूण आणि उत्पादनाची तारीख बघा. पोतं आलं की पावडर झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये ओता. ड्रम अंधाऱ्या, कोरड्या जागी, लाकडी फळीवर. मोटरच्या खोलीत ठेवू नका, तिथे पॅनेल आणि स्टार्टर गंजतात.

टाकायची पद्धतही बदलायला हवी. कोरडी पावडर टाकीत फेकली तर ती गोळे होऊन तळाला बसते, पाणी सोडायच्या तोंडाशी साठते आणि पहिल्या दहा मिनिटांत वरच्या आळीला जाते. चहाला वास येतो तो याच कारणानं. प्लास्टिकची बादली घ्या, एका बादलीत 100 ग्रॅमहून जास्त पावडर नको, म्हणजे तुम्हाला तीन बादल्या लागतील. आधी थोड्या पाण्यात लाकडी काठीनं लापशीसारखं कालवा, गुठळ्या फोडा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळा आणि दहा-पंधरा मिनिटं निवळू द्या. वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढा, तीच टाकीत जाते. खालचा चुन्याचा साका विहिरीपासून लांब खड्ड्यात पुरा. निवळी टाकी पाव भरली असताना ओता, जिथे वर चढणारं पाणी पडतं त्या बाजूला, म्हणजे पुढचं पाणीच ती घुसळून घेतं. त्यानंतर किमान अर्धा तास पाणी सोडायचं नाही. तुमच्याकडे रात्री टाकी भरते आणि सकाळी सुटते, ही मोठी सोय आहे. अट एकच : निवळी रात्रीच पडली पाहिजे, सकाळी व्हॉल्व्ह उघडायच्या आधी घाईघाईनं नव्हे. रात्री लाइट कधी येईल याचा भरवसा नसेल आणि त्या वेळी माणूस नसेल, तर चढत्या लाइनवर थेंब पद्धतीचं क्लोरिनेटर बसवा. हिशेब सोपा आहे. एक किलो 30 टक्क्यांची पावडर 30 लिटर पाण्यात निवळली की साधारण एक टक्क्याचं द्रावण होतं. पंप तासाला 20 हजार लिटर ओढत असेल तर लिटरमागे दीड मिलिग्रॅमसाठी हे द्रावण तासाला 3 लिटर, म्हणजे मिनिटाला 50 मिलिलिटर पडायला हवं. मापाचा कप आणि मोबाइलमधलं घड्याळ घेऊन तोटी एकदा लावून घ्या, पुढे आठवड्याला तपासा, कारण चुन्यानं छिद्र बुजतं.

250 ग्रॅम मोजायला रोज काटा हातात घ्यावा लागतो असं नाही. एकदा काट्यावर तोलून प्लास्टिकच्या मगवर रंगाची रेघ मारा. नवं पोतं आलं, नवा टक्का कळला की रेघ पुन्हा ठरवा. शेवटच्या नळाला 0.2 येईपर्यंत डोस रोज पाव हिश्शानं वाढवत जा आणि टाकीतलं पाणी 1 मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका. तेवढ्यात शेवटचा नळ पिवळा झाला नाही, तर आणखी पावडर हा उपाय नाही, पाइप बघायचा. वास येतो म्हणून डोस कमी करण्याआधी एक गोष्ट वरच्या आळीला समजावून सांगा. पाणी उघड्या तोंडाच्या भांड्यात वर जाळीचं कापड बांधून अर्धा-एक तास ठेवलं की वास बराच उतरतो. शिवाय उग्र, डोळ्याला झोंबणारा वास अनेकदा जास्त क्लोरीनचा नसतो, क्लोरीन घाणीशी बांधला गेल्याचा असतो. तिथे डोस कमी केला तर वास राहतो आणि संरक्षण जातं.

पाणी गढूळ असेल तर हे सगळं निम्म्यावर येतं. मातीच्या कणाआड जंतू लपतात आणि मातीच क्लोरीन खाऊन टाकते. विहिरीला कठडा नसेल, ओढ्याचं पाणी थेट आत येत असेल, तर त्याचा बंदोबस्त आधी : पोत्यांत माती भरून तात्पुरता बांध घाला, पाण्याला वाट काढून द्या. उंच टाकीत तुरटी टाकू नका, तिचा साका टाकीतच बसतो. तुरटी फिरवायची ती घरच्या हंड्यात, आणि निवळलेलं पाणी वरून ओतून घ्यायचं. विहिरीत टीसीएल घालायचं झालं तर पाणी किती ते असं काढा : व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले 785. चार मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी असलेल्या विहिरीत सुमारे 37,700 लिटर पाणी, म्हणजे 190 ग्रॅम ताजी पावडर. निवळी बादलीनं पाण्याच्या आत बुडवून खालीवर हलवायची, आणि रात्री घालून सकाळी उपसायचं.

सप्ताहाच्या आठ-दहा दिवस आधी टाकी धुवा. आदल्या दिवशी नको, काही बिघडलं तर हातात वेळ हवा. वॉशआउट, म्हणजे तळाचं पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह, उघडून टाकी रिकामी करा, झाकण तासभर उघडं ठेवून मगच माणूस आत उतरवा, कमरेला दोर बांधून, आणि वर दोन जण सतत उभे. एकट्यानं कधीच नाही. आधी तळाचा गाळ काढा, भिंती ब्रशनं घासा, साबण-डिटर्जंट नको. मग 10 लिटर पाण्याला 10 ग्रॅम पावडर या हिशेबानं केलेली निवळी भिंतींना आणि तळाला फासून बाहेर या. अर्ध्या तासानं धुऊन टाका. आत कोरडी पावडर नेऊ नका, आणि टीसीएलमध्ये फरशी पुसायचं ॲसिड तर चुकूनही मिसळू नका, त्यातून विषारी वायू सुटतो. धुण्याचं पाणी वॉशआउटमधूनच गेलं पाहिजे, गावाच्या लाइनमध्ये नव्हे. तेव्हाच ओव्हरफ्लोच्या तोंडाला जाळी बसवा, झाकणाला कुलूप लावा आणि धुतल्याची तारीख टाकीवर ऑइल पेंटनं लिहा.

आता काल्याचा दिवस. गावाला माणशी 55 लिटर धरले तर हजार माणसांना रोज 55 हजार लिटर लागतं, म्हणजे टाकी रोजच पुरी संपते. त्यात पाच हजार पाहुण्यांना पिणं-हात धुणं माणशी 3 लिटर धरलं तरी 15 हजार लिटर, वर स्वयंपाक आणि भांडी. हे पाणी गावाच्या टाकीतून ओढू नका. दाब पडेल आणि तीच पोकळी वाढेल. मंडपाजवळ पाच-पाच हजार लिटरच्या प्लास्टिक टाक्या मांडा, आदल्या संध्याकाळी भरा, प्रत्येकीला 25 ग्रॅम पावडरीची निवळी घाला आणि सकाळी कमिटीच्या दोघांसमोर टेस्ट करा. रंग नसेल तर त्या टाकीचं पाणी पंगतीला जाणार नाही, हे आधीच ठरवून ठेवा. टँकर आणायचा असेल तर तो कुठल्या विहिरीवर भरतो ते डोळ्यांनी पाहा. दहा हजार लिटरच्या टँकरला 50 ग्रॅमची निवळी भरतानाच घाला, रस्त्यात ते आपोआप घुसळलं जातं. पाणी रिकामं करायच्या आधी टेस्ट, नंतर नाही.

पंगतीत पाणी बिघडतं ते ड्रममध्ये जग बुडवल्यामुळे. वाढणाऱ्याचा हात, जगाचा तळ, सगळं आत जातं. बूड उंचावर असलेला आणि खाली तोटी बसवलेला ड्रम, आणि तोटीखालीच जग भरायचा, एवढा नियम वाढप्यांना सांगा. आचारी आणि वाढप्यांना साबण आणि वाहतं पाणी. ज्याला जुलाब झालेत त्यानं बरं वाटल्यावरही दोन दिवस वाढपाला, भाजी चिरायला हात लावायचा नाही. तो कितीही सेवेकरी असला तरी. दहीकाला हातांनी कालवला जातो आणि शिजवला जात नाही, म्हणून तो सर्वांत नाजूक. कीर्तन संपत आल्यावरच कालवा, सकाळी करून ठेवू नका. ताकात बाजारचा बर्फ घालू नका, तो कुठल्या पाण्याचा आहे कुणीच सांगू शकत नाही. भात-वरण दोन तासांच्या आत पंगतीत जावं, त्यासाठी एकदाच सगळं न शिजवता घाणे पाडा. उष्ट्या पत्रावळ्यांचा खड्डा आणि तात्पुरती शौचालयं विहिरीच्या उताराकडे, आणि तिच्यापासून किमान 15 मीटर लांब.

राहिला सरपंचांचा प्रश्न. "आपल्या गावात साथ आहे" असा विषय मासिक सभेत आणलात तर तो अडेल. "सप्ताहाची पाण्याची तयारी" असा विषय लेखी द्या, त्याला कुणी नाही म्हणणार नाही. सप्ताह कमिटी, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), जलसुरक्षक, आरोग्यसेविकाताई आणि ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती यांची एक बैठक मंदिरात लावा. त्या समितीत निम्म्या महिला असतात, त्यांना नुसतं सहीपुरतं बोलावू नका. बैठकीत भाषण नको. वरच्या आळीच्या पहिल्या नळाचं आणि खालच्या आळीच्या शेवटच्या नळाचं पाणी दोन नळ्यांत घ्या आणि सगळ्यांसमोर थेंब टाका. एक नळी पिवळी होते, एक होत नाही, त्यापुढे वाद फार चालत नाही. मग ठराव सूचक-अनुमोदकासह लिहून घ्या : पावडर तपासणी, टाकी धुणं, गटारातले पाइप, व्हॉल्व्हचे खड्डे, सप्ताहाच्या टाक्या, प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव आणि तारीख. पैशाचं कारण पुढे आलं तर पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतींच्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिला होता. त्यातलं काय खर्च झालं आणि काय शिल्लक आहे, हे सदस्य म्हणून विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पत्राची एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या. पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या सोयींची पाहणी होऊन गावाला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. तुमच्या गावाला मागच्या वेळी कुठलं मिळालं आणि कशाचे गुण गेले, तेही मागून घ्या. दुरुस्तीची यादी त्यात आयती लिहिलेली असते.

बदनामीची भीती मला कळते, सप्ताह म्हणजे गावाचा मान असतो. पण पंचक्रोशीतला पाहुणा महाप्रसाद घेऊन गेला आणि दोन दिवसांनी आजारी पडला, तर ते कुणाला झाकता येणार नाही. हे सरपंचांना चारचौघांत नको, घरी जाऊन सांगा.

जलसुरक्षकाशी मात्र वेगळं बोला. त्याला काटा, रेघेचा मग, रबरी हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा आणि एक वही ग्रामपंचायतीनं द्यावी, आणि मानधन थकलं असेल तर ते आधी. वहीत रोज चार रकाने : टाकी किती भरली, पावडर किती ग्रॅम, टाकीतला रंग, शेवटच्या नळाचा रंग. शेवटच्या नळाची टेस्ट त्यानं करू नये, आळीतल्या एखाद्या बाईनं किंवा आशाताईंनी करावी. त्याच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. सकाळी त्या वेळी तो व्हॉल्व्हवर असतो, शेवटच्या नळाला पोचू शकत नाही. महिन्यातून एकदा शेवटच्या नळाचं पाणी एचटूएस बाटलीत (विष्ठेतले जंतू तपासायच्या बाटलीत) भरून ठेवा. 24 ते 48 तासांत पाणी काळं पडलं तर तिथे विष्ठेचं प्रदूषण आहे असं धरून पुन्हा टप्प्याटप्प्यानं तपासायला लागा.

काला झाल्यावर वही बंद करू नका. जुलाब दोन-चार दिवसांत कळतात, पण पाण्यातून येणारी कावीळ दिसायला दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत लागतात. काल्यानंतर आठ आठवडे आशाताईंनी प्रत्येक आळीत पिवळे डोळे, गडद लघवी, अन्नावरची वासना उडणं अशी विचारपूस चालू ठेवावी. त्या काळात शेवटच्या नळाला 0.2 वर समाधान न मानता 0.5 ठेवा. गरोदर बाईला अशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या, कारण गरोदरपणात ही कावीळ जिवावर बेतू शकते.